पाखाडी, साकव आणि विहीर यांच्या देखभालीची कायमची व्यवस्था गावाने कशी बसवावी?

प्रश्न : डोंगरवाडी (गुहागर तालुका)

नमस्कार. आमचे गाव खाडीच्या वरच्या अंगाला, उतारावर वसलेले आहे. वरच्या वाडीतून शाळेकडे आणि एसटीच्या थांब्याकडे उतरणारी जांभ्या चिऱ्यांची पाखाडी (पायऱ्यांची वाट), वाटेत लागणाऱ्या पऱ्ह्यावरचा (ओढ्यावरचा) लोखंडी साकव (लहान पूल), मधल्या वाडीतली सार्वजनिक विहीर आणि देवळामागचे तळे यांच्यावर गावाचा रोजचा व्यवहार चालतो. यांपैकी काहीही मोडून पडलेले नाही आणि अडचण नेमकी तेथेच आहे. पाखाडीचे काही चिरे सुटून हलू लागले आहेत, साकवाच्या कठड्याला गंज चढला आहे, विहिरीचा गाळ कित्येक उन्हाळ्यांत उपसलेला नाही आणि तळ्याच्या पायऱ्यांच्या सांध्यांत पिंपळाची रोपे धरली आहेत. एखादी गोष्ट पूर्ण मोडली की अर्ज करता येतो, आमदारांच्या निधीतून नवे काम मागता येते. जी गोष्ट हळूहळू झिजते आहे, तिच्यासाठी कोणाकडे जायचे हे मात्र कोठेच ठरलेले नाही.

गणपतीत गावी आलेल्या चाकरमान्यांच्या बैठकीत गावाच्या वेशीवर प्रवेशद्वाराची कमान उभारण्याचा विचार पुढे आला आणि मुंबई मंडळाने त्यासाठी वर्गणीही जमवली आहे. त्यांच्या भावनेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ज्या गावाने वाढवले त्या गावाला काही द्यावे, ही त्यांची इच्छा खरी आहे. मी एवढेच सुचवले की या रकमेचा मोठा भाग वेगळा ठेवून त्यातून दरवर्षीच्या डागडुजीची व्यवस्था करावी. त्यावर एका ज्येष्ठांनी विचारले की कमानीवर देणगीदारांची नावे कोरता येतात, उपसलेल्या विहिरीवर काय कोरणार? प्रश्न रास्त होता. देणाऱ्याला आपले देणे डोळ्यांनी दिसावे असे वाटते आणि वेळेवर झालेल्या दुरुस्तीचा परिणाम म्हणजे काहीही वाईट न घडणे, जे कोणाला दाखवता येत नाही.

शिमग्याला पुन्हा सारे जमणार आहेत. तोपर्यंत मला एक प्रस्ताव लिहून काढायचा आहे. आपापल्या गावांत अशी व्यवस्था कोणी बसवली आहे का, किंवा पूर्वी असलेली मोडताना पाहिली आहे का? एका उत्साही माणसाच्या जिवावर चालणारे काम तो माणूस थकला की थांबते, हे आम्ही अनुभवले आहे. माणसे बदलली तरी चालत राहील असे काही हवे आहे. शिवाय सगळे एकदम होणार नाही, तेव्हा आधी हात कशाला घालावा, याबद्दलही जाणकारांनी लिहावे.


उत्तर : खारेपाटकर (पेण तालुका)

आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आमच्या खारेपाटात पाहायला मिळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पेण आणि अलिबाग तालुक्यांतील खाडीकाठची भातशेती ही बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध असतो, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो, आणि त्या बांधात जागोजागी उघाडी असते. उघाडीची झडप अशी बसवलेली असते की भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने ती मिटते आणि ओहोटी लागली की शेतात साठलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. या रचनेला ना यंत्र लागते ना वीज, पण तिच्यावर डोळा ठेवणारा माणूस मात्र लागतो. झडपेत वाहून आलेले लाकूड अडकले आणि ते कोणी काढले नाही, तर पुढच्या भरतीला खारे पाणी सरळ भातात शिरते.

बांधाचेही तसेच आहे. खेकडे आणि घुशी त्याला बिळे पाडतात. बिळातून पाण्याची बारीक धार दिसली की ती चिखल आणि पेंढा ठासून लगेच बुजवावी लागते. ती तशीच राहिली आणि अमावास्येचे किंवा पौर्णिमेचे उधाण (मोठी भरती) आले, तर तेथे खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. एकदा खांड पडली की दोन माणसांचे काम साऱ्या गावाचे होऊन बसते, कारण उधाणाच्या पाण्यात माती ठरत नाही. भांगाचे (लहान भरत्यांचे) दिवस येईपर्यंत थांबावे लागते आणि त्या दिवसांतही दोन भरत्यांच्या मधल्या वेळातच भराव उरकावा लागतो. तोवर येणारी प्रत्येक भरती ती खांड आणखी रुंद करून जाते.

पूर्वी हे राखण्याचे काम जोळ पद्धतीने होत असे. ज्यांची शेते बांधाच्या आड, त्या साऱ्यांनी मिळून बांध राखायचा, असा त्याचा अर्थ. कोणाच्या घरचे माणूस आले नाही हे सर्वांच्या लक्षात येत असे आणि बांधाचा कोणता भाग कच्चा आहे हे शेतकऱ्यांना पाठ असे. पुढे १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने ही जबाबदारी मोठ्या प्रमाणात सरकारकडे गेली. त्यातून झालेला लाभ मी नाकारणार नाही. दगडी अस्तर, पक्क्या उघाड्या ही कामे गावाच्या ताकदीबाहेरची होती. परंतु बांध सरकारचा झाला तशी त्याच्याकडे रोज पाहण्याची सवय गावातून गेली आणि ती सवय सरकारी विभागाला लावता येण्यासारखी नव्हती. बिळासाठी अंदाजपत्रक निघत नाही, खांडीसाठी निघते. ते मंजूर होऊन काम सुरू होईपर्यंत किती उधाणे येऊन जातात, हे आमच्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे.

त्याचा परिणाम किती दूरवर जातो तेही सांगतो. खारे पाणी शिरलेल्या शेतातला खार धुऊन जायला काही पावसाळे जावे लागतात. तेवढ्या काळात पुन्हा खांड पडली तर भात सोडून द्यावे लागते आणि पडीक राहिलेल्या त्या चिखलात कांदळवन (खारफुटी) उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आणि २०१८ च्या आदेशांनुसार कांदळवन तोडता येत नाही. ते संरक्षण आवश्यकच आहे, कारण वादळात किनारा सावरण्याचे काम हीच झाडे करतात. पण त्यामुळे एकदा हातून गेलेले शेत परत मिळवण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. ज्या घरांनी अशा जमिनी गमावल्या, त्यांच्या नुकसानीचे मूळ शोधत गेलो तर बहुतेक वेळा वेळेवर न बुजवलेल्या एखाद्या बिळापाशी जाऊन पोहोचतो.

म्हणून माझे सांगणे असे की दुरुस्त करायच्या गोष्टींची यादी करण्याआधी त्या पाहायच्या कोणी आणि कधी, हे ठरवावे. आमच्याकडे हे दिवस समुद्रच ठरवून देतो, उधाणाच्या आधी बांध फिरून पाहायचाच असतो. आपल्याकडे पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, असे दिवस गावकीत ठरवता येतील. पैसा त्याच्या मागून येऊ द्या. ज्या गावात पाहण्याची रीत नाही, तेथे निधी असूनही तो योग्य ठिकाणी योग्य वेळी पडत नाही.


उत्तर : स्थापत्य (चिपळूण)

मी बांधकाम क्षेत्रात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. आधी काय करावे, एवढ्याच भागाबद्दल लिहितो.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे येथल्या कोणत्याही बांधकामाचे आयुष्य त्याच्यावरून आणि त्याच्या बाजूने पाणी कसे वाहते यावर ठरते. पाखाडीचे चिरे सुटतात ते माणसांच्या वर्दळीने कमी आणि कडेचे गटार बुजल्याने जास्त. गटार पालापाचोळ्याने भरले की पाणी पायऱ्यांवरून वाहू लागते, चिऱ्याखालची माती धुपते, चिरा डुगडुगतो आणि मग माणसांच्या पायांनी तो निखळतो. आपण चिरा बसवून गटार तसेच ठेवले, तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा करावे लागेल. तेव्हा पहिला खर्च गटारांवर आणि वाटेखालून पाणी काढणाऱ्या मोऱ्यांवर करावा. त्याला पैसे कमी लागतात आणि त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

त्यानंतर साकव पाहावा, कारण तो निकामी झाल्यास जिवावर बेतते. बहुतेक लोक कठड्याचा गंज पाहतात, पण तो वरवरचा असेल तर खरवडून रेड ऑक्साइड आणि रंग दिला की काम भागते. पाहायचे ते खाली, पऱ्ह्यात उतरून. काठावरच्या आधाराच्या पायाखालची माती किंवा दगड पाण्याने पोखरले आहेत का, गर्डर (आडवी तुळई) जेथे टेकतो तेथे पाणी साचून लोखंडाचे पापुद्रे सुटले आहेत का, बोल्ट जागेवर आहेत का, हे पाहावे. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणूनच समुद्राजवळच्या काँक्रीटमध्ये आतला गज गंजला की बाहेरचे कवच फुटून पडते. स्लॅबवर किंवा खांबावर तांबूस डाग आणि गजाच्या रेषेत चीर दिसली तर ती केवळ सिमेंटने लिंपू नये. आतला गज साफ केल्याशिवाय लावलेले लिंपण आजार झाकून ठेवते.

तळ्याच्या सांध्यांतला पिंपळ आत्ताच काढावा. वरून छाटल्याने तो मरत नाही, मूळ सांध्यात जाड होत राहते. रोप बोटाएवढे असताना मुळासकट निघते. ते मनगटाएवढे झाले की दगड उचकटूनच काढावे लागते.

शेवटची सूचना नोंदींबद्दल आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्यासोबत दोन एसटी गाड्याही गेल्या. २ जुलै २०१९ ला आमच्याच तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि धरणातून गळती होत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. या दोन्ही घटना मी विसरू शकत नाही. आपल्या गावाच्या गोष्टी त्यामानाने लहान आहेत, पण रीत तीच असावी. जे दिसले ते तारखेसह लिहून ठेवावे, छायाचित्र काढावे आणि जे गावाच्या आवाक्याबाहेर आहे ते ग्रामपंचायतीला किंवा संबंधित विभागाला लेखी देऊन आवक क्रमांक घ्यावा.

पाखाडीबद्दल माझे वैयक्तिक मत असे की जमल्यास ती काँक्रीटचीच करून टाकावी, म्हणजे काही वर्षे तिच्याकडे पाहावे लागणार नाही.


उत्तर : वेंगुर्ल्याची

स्थापत्य काकांनी लिहिलेले जवळजवळ सगळे पटले, पण त्यांचे शेवटचे वाक्य मला मान्य नाही आणि का नाही हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

चिऱ्याच्या पाखाडीचा एक चिरा सुटला तर गावातला माणूस पहार आणि टोपलीभर खडी घेऊन तो अर्ध्या दिवसात बसवतो. काँक्रीटची पाखाडी खालून पोखरली गेली की तिचा आख्खा टप्पा खचतो, तो फोडायला यंत्र लागते, फोडलेले टाकायला जागा लागते आणि पुन्हा घालायला ठेकेदार लागतो. म्हणजे जी गोष्ट गावाच्या हातातली होती, ती निविदेच्या हातात जाते. शिवाय पावसात शेवाळ धरलेल्या काँक्रीटच्या गुळगुळीत उतारावरून डोक्यावर हंडा घेऊन उतरणे काय असते, ते आमच्या वाडीतल्या बायकांना विचारावे. कोणतीही गोष्ट बांधताना ती पुढे दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न मला तिच्या टिकाऊपणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. “काही वर्षे पाहावे लागणार नाही” ही सोय नव्हे, कारण तेवढ्या वर्षांत पाहणारी माणसेच उरत नाहीत.

कौलांच्या बाबतीत हे घडताना मी पाहिले आहे. आमच्याकडे दरवर्षी मे महिन्यात घरावरचे नळे (गोल कौले) परतायचे काम असे. वरचा पाला झाडायचा, फुटलेले नळे बदलायचे, कुजलेली किंवा वाळवी लागलेली रीप (कौलांखालची लाकडी पट्टी) काढून नवी ठोकायची आणि वाशांवरून हात फिरवून कोठे ओल धरली आहे ते पाहायचे. हे करणाऱ्या माणसाला कौलांवर पाय कोठे ठेवायचा हे कळत असे. अजाण माणूस एक कौल बदलायला चढतो आणि चार फोडून उतरतो. पुढे माकडांचा उपद्रव वाढला, कौले टिकेनात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घरांची छपरे उडवली आणि एकाच वेळी साऱ्यांना कौले हवी होती तेव्हा ना ती मिळत होती ना ती बसवणारी माणसे. कितीतरी लोकांनी पत्रे घातले. ज्यांनी घातले त्यांना मी दोष देत नाही, डोक्यावर पाऊस कोसळत असताना माणूस मिळेल ते छप्पर घालतो. पण पत्रा आला तसे परतणीचे काम संपले आणि ते काम संपले तसा ते शिकायला कोणी येईना. आता ज्यांना आपले जुने कौलारू घर राखायचे आहे, त्यांना पैसे देऊनही माणूस मिळत नाही.

याचे कारण मी स्पष्ट लिहिते. नवे घर बांधणाऱ्या गवंड्याला आपण मान देतो, कंत्राट देतो, नारळ देतो. आणि डागडुजी करणाऱ्याला किरकोळ कामाचा गडी समजून घासाघीस करून मजुरी देतो. वास्तविक जुने सांभाळून दुरुस्त करणे अधिक कौशल्याचे आहे, कारण नवे बांधणाऱ्याला सारे आपल्या मापाने करता येते आणि दुरुस्ती करणाऱ्याला आधीच्या माणसाने काय केले असेल ते ओळखावे लागते. कोळीवाड्यात ही समज अजून टिकून आहे. पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून झापांनी (विणलेल्या झावळ्यांनी) शाकारतात आणि जाळी दुरुस्तीला काढतात. तेथे जाळे शिवणाऱ्या वयस्क माणसाला कोणी रिकामा बसला आहे असे म्हणत नाही. त्याच्या हातांवर पुढचा हंगाम अवलंबून आहे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

आता डोंगरवाडी यांना माझी विनंती अशी की आपल्या प्रस्तावात “श्रमदान” हा शब्द विचारपूर्वक वापरावा. मुंबईहून वर्गणी येते, श्रम मात्र गावात राहिलेल्यांनाच दान करावे लागतात आणि गावात राहिले आहेत कोण? वयस्क माणसे, घरदार आणि बागायत एकट्याने सांभाळणाऱ्या बाया आणि रोजंदारी बुडवून आले तर ज्यांची चूल अडते असे लोक. विहीर उपसण्यासारखे एक दिवसाचे काम सर्वांनी मिळून करावे, त्यात आनंदही असतो. पण वर्षभराची देखभाल फुकट करून घेणे हा अन्याय आहे. मंडळाच्या रकमेतून गावातल्याच एका-दोन माणसांना रीतसर मजुरी द्यावी आणि जाणत्या माणसासोबत एक तरुण ठेवून त्यालाही शिकताना मजुरी द्यावी. कमानीवर नावे कोरण्याऐवजी देणगीदाराला सांगता येईल की आपल्या पैशांतून आपल्याच वाडीतल्या एका मुलाला चिरेकाम आले. मला तर ते देणे कमानीपेक्षा मोठे वाटते.

आणि एक. विहिरीची स्थिती तपासायला कोणाला नेमायचे असेल तर पाणी भरणाऱ्या बाईला नेमावे. पाण्याचा वास बदलला, दोर अधिक सोडावा लागू लागला, कठड्याचा दगड हलला, हे तिला सर्वांत आधी कळते. तिला बैठकीत मात्र कोणी विचारत नाही.


उत्तर : जुना सदस्य (राजापूर तालुका)

ग्रामपंचायतीत काम केले आहे, म्हणून पैशांच्या बाजूबद्दल थोडक्यात. मंडळाच्या वर्गणीवर सगळा भार टाकू नये. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानात साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित होती आणि या बाबींत केवळ नवी कामे नव्हे, तर देखभालही बसत होती. उरलेली चाळीस टक्के रक्कम गावाच्या गरजेनुसार वापरता येत होती, फक्त पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून चालत नव्हता. पुढच्या अनुदानाचे नियम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) समजून घ्यावेत. मात्र ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जे लिहिलेले नाही त्याला पैसा मिळत नाही आणि आराखड्यात “विहिरीचा गाळ काढणे” असे लिहा म्हणून ग्रामसभेत उठून सांगणारा माणूस क्वचितच दिसतो. सारे जण नव्या कामांसाठी हात वर करतात. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते, तेव्हा संधी नाही असे म्हणता येणार नाही.

जलजीवन मिशनमधून झालेल्या योजनेचीही आत्ताच काळजी घ्यावी. त्या योजना चालवणे आणि राखणे हे गावाकडेच आहे. पाणीपट्टी थकली की वीजबिल थकते, वीजबिल थकले की पंप बंद पडतो आणि मग लाखो रुपयांची टाकी नुसती उभी राहते. चाकरमान्यांची घरे वर्षातले बहुतेक दिवस बंद असतात आणि “आम्ही पाणी वापरतच नाही” म्हणून पट्टी भरली जात नाही. मुंबई मंडळाने कमानीऐवजी बंद घरांची वर्षाची पट्टी एकरकमी भरण्याची जबाबदारी घेतली, तर गावाच्या निम्म्या अडचणी सुटतील असे माझे ठाम मत आहे.

खाते उघडताना एक काळजी घ्यावी. देखभालीची रक्कम देवस्थानच्या किंवा उत्सवाच्या खात्यात एकत्र करू नये. उत्सव जवळ आला की त्या पैशांवर हात जातो, कोणाच्या मनात वाईट नसले तरी जातो.


डोंगरवाडी (गुहागर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. प्रस्तावाचा कच्चा मसुदा आपल्या उत्तरांवरून लिहायला घेतला आहे, त्यात काय ठरवले ते सांगतो.

पाखाडी चिऱ्याचीच ठेवण्याचा आग्रह मी धरणार आहे. वेंगुर्ल्याच्या ताईंचे म्हणणे मला पटले आणि स्थापत्य काकांनी सांगितलेले गटारांचे काम आधी केल्यास काँक्रीटची गरजही राहू नये. जमलेल्या वर्गणीतून कमान अजिबात नको, असे मी म्हणणार नाही, कारण त्यामुळे ज्यांनी मनापासून दिले ते दुखावतील आणि या कामाला त्यांचीच साथ हवी आहे. कमान साधी, चिऱ्याची आणि लहान करावी आणि उरलेली रक्कम स्वतंत्र खात्यात मुदत ठेव म्हणून ठेवून तिच्या व्याजातून डागडुजीची मजुरी द्यावी, असा मध्यम मार्ग सुचवतो आहे. व्याज पुरणार नाही, हे हिशेब मांडताना दिसले. त्यामुळे प्रत्येक घराकडून वर्षाची ठरावीक वर्गणी लागेल आणि बंद घरांचा वाटा मंडळाने गोळा करून द्यावा, ही जुन्या सदस्यांची सूचना पाणीपट्टीपुरती न ठेवता मी येथेही घेतली आहे.

श्रमदानाबद्दल ताईंनी जे लिहिले ते वाचून मी वरच्या वाडीतल्या काही घरांशी बोललो. विहीर उपसण्याचा दिवस सर्वांनी मिळून करावा आणि इतर कामे मजुरी देऊन करावीत, यावर कोणाचेही दुमत नव्हते. चिरेकाम जाणणारे एक वयस्क गृहस्थ शिकवायला तयार आहेत. शिकणारा मुलगा मिळेल का, याची खात्री आज देता येत नाही, कारण दहावी-बारावीनंतर मुले मुंबईची वाट धरतात आणि वर्षातले थोडेच दिवस मिळणाऱ्या मजुरीसाठी कोणी थांबेल असे मी गृहीत धरू शकत नाही. आजूबाजूच्या दोन-तीन गावांनी मिळून एका माणसाला वर्षभराचे काम द्यावे, असा विचार मनात आहे.

खारेपाटकर यांना एक विचारायचे राहिले. पाहणीसाठी माणसे आपल्याकडे कशी ठरत? गावकीने नेमून दिलेली, की पाळीपाळीने? आमच्याकडे चार वाड्या आहेत आणि एका वाडीच्या माणसाने दुसऱ्या वाडीच्या विहिरीबद्दल बोललेले खपत नाही, ही खरी अडचण आहे.


खारेपाटकर (पेण तालुका)

ही अडचण आमच्याकडेही होती आणि आहे. मी जे पाहिले त्यात पाळी चांगली चाले, पण एका अटीवर. जाणारी माणसे नेहमी दोन असत आणि ती एकाच भावकीची नसत. एकटा माणूस आपल्या शेताजवळचा बांध नीट पाहतो आणि लांबचा लांबूनच पाहतो; दोघे वेगवेगळ्या बाजूंचे असले की आख्खा बांध पायाखालून जातो. आपल्याकडे प्रत्येक फेरीला दोन वाड्यांतला एकेक माणूस घ्यावा आणि पुढच्या फेरीला जोड्या बदलाव्यात. मग कोणी कोणाच्या विहिरीबद्दल बोलले असे होणार नाही, कारण ते बोलणे त्याला नेमून दिलेले काम असेल. ताईंची सूचनाही येथेच बसवावी आणि प्रत्येक जोडीत एक बाई असावी.

स्थापत्य यांनी सांगितलेल्या नोंदींना मी एक जोड देईन. वहीत प्रत्येक ठिकाणासाठी ओळ आखून ठेवावी आणि काही दोष आढळला नाही तर “पाहिले, ठीक आहे” असे लिहून दोघांनी सही करावी. जागा कोरी राहिली तर तेथे कोणी गेले नव्हते, हे पुढच्या जोडीला कळते आणि तिने सुरुवात तेथूनच करावी.